निकानोरचा वाटा

बोलिव्हियाशी लढाई लागली तेव्हा भरतीच्या वेळी सार्जंटनं रांगेला विचारलं होतं, "रक्त बघून कुणाला भोवळ येत नाही?" त्रांकिलिनो ओवेलार म्हणाला, "मला नाही येत. गावातले निम्मे बैल मीच खच्ची केलेत." रांग हसली, सार्जंटही हसला, आणि कापूस अन् मांडिओकाचे कंद लावणारा हा शेतकरी बंदुकीऐवजी स्ट्रेचर घेऊन वैद्यकीय दलात जाऊन पडला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'खच्चीवाला'. जखमी पोरगं स्ट्रेचरवर पडल्या पडल्यासुद्धा म्हणायचं, "खच्चीवाल्या, वरचं काय कापायचं ते काप, खाली हात लावू नकोस बाबा."

घरून निघताना त्याच्या बायकोनं, दामियानानं, डोळ्यांत पाणी आणलं नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हतीच. फाटकाची आडवी फळी धरून ती म्हणाली, "तुम्ही औषधवाल्यांत आहात. माझे दोन्ही भाऊ पलटणीत. दोघांना घेऊन या. एक जरी कमी आणलात तर या अंगणात पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते." दामियाना जे बोलायची ते करायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्रांकिलिनोला ते पुरतं ठाऊक होतं.

थोरला निकानोर, धाकटा क्रिस्पिन. निकानोर म्हणजे दांडगा गडी, आडदांड आणि हावरट. त्या घरात कोंबडी शिजली की दोन्ही तंगड्या निकानोरच्या, हा कायदाच होता. एक स्वतःची म्हणून घ्यायचा आणि दुसरी क्रिस्पिनच्या ताटातून उचलायचा. क्रिस्पिन लहानपणी भोकाड पसरायचा, मोठेपणी शिव्या द्यायचा, पण तंगडी काही त्याच्या तोंडी कधी गेली नाही. त्रांकिलिनोच्या लग्नाच्या पंगतीत तर निकानोरनं नवरदेवाच्याच ताटात हात घातला होता. सासू, तोमासा म्हातारी, पळी घेऊन मागे धावली तेव्हा हा दोन्ही गालांत मांस कोंबून गोठ्यावर चढून बसला. असा तो माणूस. त्याच्यावर रागवावं तर हसू यायचं.

तो निकानोर लागुना सेका या ठाण्यावरच्या पहिल्याच हल्ल्यात पडला. गोळी पोटात लागली होती. त्रांकिलिनो आणि त्याचा जोडीदार, म्हातारा पान्फिलो, यांनीच त्याला काटेरी रानातून उचलून आणलं. वाटभर तो पाणी मागत होता. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. आणि पाणी होतं तरी कुठं! चाकोच्या त्या कोरड्या रानात गोळीपेक्षा तहानेनं जास्त माणसं मारली. निकानोर सुरुवातीला विनवत होता, मग आईवरून शिव्या द्यायला लागला, मग त्रांकिलिनोच्या मनगटाला चावला, आणि तंबूच्या दाराशी येईपर्यंत गप्प झाला. दातांचे वळ पुढे कितीतरी दिवस मनगटावर होते.

त्याला तंबूमागं पुरलं. दलातल्या सुतारानं कडक लाकडाचा क्रूस केला. महिन्याभरानं पाण्याच्या ट्रकबरोबर तोमासा म्हातारीनं क्रुसाचं कापड पाठवलं. आमच्याकडे मेलेल्याचा क्रूस उघडा ठेवत नाहीत. आडव्या लाकडावर पांढरं कापड टाकतात, घरच्या बाईनं विणलेल्या झालरीचं. मेलेल्याचा जीव त्या कापडात टेकतो, आणि कापड काढायचं असेल तर मे महिन्यात क्रुसाच्या सणाला, तेही घरच्याच माणसानं, नवं घालताना. एरवी ते कापड कुणाच्या अंगाला लागलं तर मेलेला त्याला हाक मारतो म्हणतात. पोरं मशीनगनवर अनवाणी चालून जायची, पण त्या कापडांना वळसा घालून जायची.

म्हातारीच्या झालरीवर मक्याची कणसं असायची. बारीक, दाण्यासकट. सगळ्या मुलुखात ती झालर तिच्या एकटीच्या हातची. क्रिस्पिनची पलटण आघाडीवरून मागं आली की तो भावाच्या क्रुसापाशी बसायचा, गार पाण्यात पाला घालून प्यायच्या तेरेरेचं शिंग भरायचा, आणि पहिला घोट मातीवर ओतायचा. एक घोट पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची त्या मुलुखात तो घोट जमिनीवर ओतायचा. वर म्हणायचा, "घे हावरटा. पाणी मागत मेलास ना, ढोस."

"दाजी," तो त्रांकिलिनोला म्हणायचा, "मी पडलो तर मला याच्या शेजारी नका पुरू. माझ्या वाटची माती पण खाईल."

"तुला कशाला पुरतोय? तुझी बहीण मला उभा पुरेल," त्रांकिलिनो म्हणायचा. हसण्यावारी न्यायचा, पण हिशेब डोक्यात चालूच असायचा. दोन न्यायचे होते, एक गेला. आता हा एकच उरला होता, आणि याला घेतल्याशिवाय त्या फाटकात उभं राहायची त्याची छाती नव्हती.

दुसरा हल्ला झाला तेव्हा मागची वाट बोलिव्हियावाल्यांनी तोडली होती. ट्रक येत नव्हता, म्हणजे पाणी नाही, औषध नाही, पट्ट्या नाहीत. तरी वरून हुकूम आला, खंदक घ्या. सूर्य वर यायच्या आत पलटण उठली आणि काट्यांत घुसली. मशीनगननं पहिली ओळ गवतासारखी आडवी केली. दुसरी ओळ पहिलीच्या अंगावरून गेली. तिसरी खंदकात उतरली, आणि तिथं मग माचेते, रानतोडीचे लांब कोयते, चालले. उसाला घालतात तसे घाव, खांद्यावर, मानेवर, वर केलेल्या हातांवर. एक बोलिव्हियन गनर बंदूक सोडेना. त्याची बोटं तुटली तरी तळवे बंदुकीवरच दाबून होता. त्याला तसाच बंदुकीवर चिरला.

त्रांकिलिनो आणि पान्फिलो स्ट्रेचर घेऊन त्या रानात वाकून पळत होते. एकाला जबडाच नव्हता, जीभ नुसती गळ्यावर लोंबत होती, आणि तो हातानं खुणा करत होता, माझ्या आधी त्याला न्या. ज्याला न्या म्हणत होता तो केव्हाच मेलेला होता. एकजण आपली आतडी टोपीत घेऊन बसला होता. तिसऱ्यानं त्रांकिलिनोचा पाय धरला, सोडेचना, तेव्हा त्याच्या हातावर टाच मारून पाय सोडवावा लागला. स्ट्रेचरवर एकच मावतो. कुणाला घ्यायचं आणि कुणाला टाकायचं हे पळता पळता ठरवायचं, आणि टाकलेला माणूस मागून नावानं हाका मारतो. त्रांकिलिनोच्या मनात मात्र त्या सगळ्या आरड्यात एकच आवाज शोधणं चाललं होतं. क्रिस्पिनचा आवाज नव्हता, आणि नाही म्हणून त्याला बरं वाटत होतं.

"पायाखाली बघ, पुढं बघ," पान्फिलो मागून ओरडला. "मेव्हण्याला काय शोधतोस! हा माझ्या हातात मरतोय."

तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. डॉक्टर रेकाल्दे कोपरापर्यंत लाल होते. पट्ट्या कालच संपलेल्या. मग चादरी फाडल्या, मच्छरदाण्या फाडल्या, शिपायांच्या अंगातले सदरे फाडले. सगळं दल उघड्या अंगानं फिरत होतं. एका पोराच्या दंडातून रक्त उडत होतं आणि डॉक्टर ते अंगठ्यानं दाबून उभे होते. अंगठा काढला की पोर गेलं. तेव्हा तंबूच्या फाटक्या भिंतीतून त्यांची नजर मागं गेली.

"ते पांढरं काय फडकतंय?"

सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनासुद्धा.

"घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

कुणी हललं नाही. पान्फिलोनं छातीवर क्रुसाची खूण केली. डॉक्टरांचं डोकं फिरलं. "मेलेल्यांना थंडी वाजते का रे? हे पोरगं मरेल! जिवंत माणसापेक्षा चिंधी मोठी झाली का? ओवेलार! तू बैल खच्ची करतोस ना? जा, आण!"

त्रांकिलिनो गेला. त्या पोराचं तोंड पांढरं पडत चाललेलं दिसत होतं म्हणून गेला. पहिलं कापड ओढताना त्यानं डोळे मिटून घेतले आणि क्रुसावरचं नाव वाचलं नाही. मग दुसरं, तिसरं. हात चालू लागले की माणसाला सवय होते. झालरी, किनारी, कुणाच्या आईच्या, कुणाच्या बायकोच्या हातचे टाके, सगळे त्यानं भराभर ओढून खांद्यावर टाकले. टोकाला निकानोरचा क्रूस. मक्याची कणसं वाऱ्यावर हलत होती. त्यानं हात पुढं केला, आणि मागं घेतला. म्हणाला, एवढ्यानं भागेल. आणि वळला.

ती कापडं बांधायला लागल्यावर तंबूत नवीनच लढाई जुंपली. जखमींनी झालरी ओळखल्या. "काढा! काढा हे! तो हाक मारतोय!" ज्याच्या दंडातून रक्त उडत होतं तेच पोर दातानं गाठ सोडायला लागलं. एकानं त्रांकिलिनोच्या नाकावर डोकं आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. मग मात्र तो पिसाळला. "मरायचंय का भडव्यांनो? मरा, पण माझ्या हातात नाही!" एकेकाच्या छातीवर गुडघा देऊन त्यानं बांधलं. हात फार चालवणाऱ्यांचे हात स्ट्रेचरच्या पट्ट्यांनी मागं आवळले, आणि एकाच्या कानाखाली असा आवाज काढला की तो बेशुद्धच पडला. बरं झालं, त्याला शिवताना त्रास झाला नाही.

पान्फिलो हे सगळं बघत होता. त्याच्या चुलत्याच्या पोराचं, सेव्हेरोचं, कापड आत्ताच कुणाच्या तरी मांडीला गेलं होतं. तो तंबूच्या दारातून मागं बघून आला आणि त्रांकिलिनोच्या समोर उभा राहिला.

"सगळ्यांच्या मेलेल्यांना नागडं केलंस," तो हळू म्हणाला. "एकटा निकानोर झाकलेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, नाही का?"

"स्ट्रेचर उचल, काका," एवढंच त्रांकिलिनो म्हणाला.

उचलायची वेळ आली नाही. दोन शिपाई क्रिस्पिनला काखांत धरून ओढत आणत होते. तोफेच्या गोळ्याच्या कपचीनं उजवी पोटरी उभी फाडली होती, मांस उलटं होऊन टाचेवर लोळत होतं, आणि मागं मातीवर लाल वाट होती. त्याला बघितलं आणि त्रांकिलिनोच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. डॉक्टरांनी धमनी चिमट्यात धरली, दोऱ्यानं बांधली, जखमेत सदऱ्याचा शेवटचा बोळा कोंबला. "आता घट्ट आवळ. सुटलं तर संपलं. कापड?"

कापड नव्हतं. पान्फिलोनं निकानोरच्या क्रुसाकडे बघितलं.

त्रांकिलिनो पळत गेला. निकानोरच्या क्रुसापुढं एक क्षण थांबला. "माफ कर रे," म्हणाला, आणि एका हिसक्यात ओढलं. कापड काट्यात अडकून टर्रकन फाटलं. त्यानं दोन पट्टे केले आणि क्रिस्पिनच्या पायाला जीव खाऊन आवळले.

क्रिस्पिन शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा पायाकडे बघितलं. कणसं दिसली. आईच्या हातची कणसं, रक्तात बुडालेली. त्यानं दोन्ही हात खाली घातले आणि गाठ ओरबाडायला लागला. कापड सैल झालं तशी बोळ्याखालून रक्ताची उकळी फुटली. त्रांकिलिनो त्याच्या अंगावर पडला. तो जखमी, हा धडधाकट, तरी आवरेना. मरणाच्या भीतीनं माणसाला बैलाचं बळ येतं.

"सोडा दाजी! तो मला नेतोय! मला ठाऊक होतं, तो मला नेणार!"

त्रांकिलिनोनं त्याच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा. उपयोग झाला नाही. रक्त वाहतच होतं, आणि दामियाना फाटकाची फळी धरून उभी असलेली त्याला लख्ख दिसली. तेव्हा त्याच्या तोंडून ते निघालं. कुठून सुचलं कोण जाणे.

"नेतोय कसला, गाढवा! धरतोय! हे कापड नाही, निकानोरचा हात आहे. बघ किती घट्ट धरलंय! आता बघितलं ना, त्यानं सोडलं तर काय होतं ते? त्याला धरू दे. तो धरून आहे तोवर तुला काही होत नाही."

क्रिस्पिनचे हात थांबले. तो धापा टाकत होता. "निकानोर धरतोय?"

"मग कोण? दांडगा गडी आहे. सोडायचा नाही."

क्रिस्पिननं पायाकडे बघितलं, आणि दोन्ही हात छातीवर ठेवले. त्रांकिलिनोनं पुन्हा आवळलं. रक्त थांबलं. डॉक्टर पलीकडून म्हणाले, "शाब्बास ओवेलार. काय सांगितलंस त्याला?" तो म्हणाला, "काही नाही, भावाचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टी उघडायला आले. बोळा बदलायचा होता, जखम धुवायची होती. वाट अजून तुटलेलीच होती, पण पाठीवर पिंपं लादलेल्या खेचरांवरून रानातून थोडं पाणी आलं होतं. पान्फिलोनं उतरवलेल्या पट्ट्या उकळून वाळत घातल्या होत्या. क्रिस्पिनला ताप चढला होता, डोळे चकाकत होते.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला. "निकानोर बसलाय तिथं."

डॉक्टर पुढं झाले तर त्यानं अंथरुणाखालून माचेते काढलं. कुणी ठेवू दिलं होतं कोण जाणे! डॉक्टर मागं सरले. बाहेर पुन्हा तोफा सुरू झाल्या होत्या, आणखी जखमी येत होते. त्रांकिलिनो मध्ये पडला. "राहू द्या आजचा दिवस, डॉक्टर. झोपला की मी उघडतो."

"आज उघडायलाच पाहिजे."

"आज राहू द्या हो."

डॉक्टरांना बाहेरून हाक आली आणि ते गेले. आता खरं काय ते सांगतो. क्रिस्पिन दुपारी झोपला होता. माचेते हातातून गळून पडलं होतं. त्रांकिलिनो त्याच्या पायाशी बसला होता आणि गाठ त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्यानं गाठीला बोट लावलं, आणि काढून घेतलं. आपणच रचलेली थाप, आपणच त्या थापेला भ्यालो! निकानोरनं खरंच धरलं असेल तर? आपण सोडवलं आणि हा गेला तर? पोटात गोळी घेऊन पाणी मागत मेलेला तो माणूस, त्याचं कापड आपण ओरबाडून आणलेलं, आणि वर त्याचा हात उकलायचा? त्रांकिलिनो संध्याकाळपर्यंत तिथं बसून राहिला आणि गाठ तशीच राहिली.

सकाळी वास आला. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही. बोटं काळी पडली होती, घोट्यावर कातडी फुगून आली होती, आणि दाबलं की आत कुरकुर वाजत होती. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि त्रांकिलिनोकडे वळले.

"काल उघडलं असतंस तर पाय राहिला असता," ते म्हणाले. रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आता गुडघ्याच्या वरून जाईल. आणि लगेच, नाहीतर हा संध्याकाळ बघत नाही."

भूल द्यायचं औषध नव्हतं. उसाची दारू होती, तीही घोटभर. क्रिस्पिननं करवत बघितली आणि माचेते उचललं. पहिला घाव हवेत गेला. दुसरा त्रांकिलिनोच्या दंडावर बसला, हाडापर्यंत. मांस उघडं पडलं. त्रांकिलिनोनं तो दंड बघितलाच नाही. त्यानं मेव्हण्याचं मनगट धरून स्ट्रेचरच्या दांड्यावर आपटलं, माचेते पडेपर्यंत आपटलं, आणि दुसऱ्या मुठीनं त्याच्या जबड्यावर असा ठोसा दिला की दोन दात तोंडात सुटे झाले.

"निकानोर!" क्रिस्पिन भावाला हाका मारत होता. "निकानोर, सोडू नको! धर! हे मला मारतायत!"

त्रांकिलिनो त्याच्या छातीवर आडवा पडला. पान्फिलोनं चांगला पाय धरला. डॉक्टरांनी वरून पट्टा आवळला आणि सुरी चालवली. करवत हाडाला लागली तशी क्रिस्पिनची किंकाळी बंद झाली आणि तो त्रांकिलिनोच्या खांद्यात दात रोवून राहिला. थोरल्यानं मनगटात रोवले होते, धाकट्यानं खांद्यात. त्रांकिलिनोनं खांदा काढून घेतला नाही. चाव, म्हणाला, चाव बाबा, अजून चाव. त्याच्याच दंडाचं रक्त क्रिस्पिनच्या गळ्यावर ठिबकत होतं, आणि तो लहान पोरासारखा हमसून रडत होता. सगळ्या तंबूनं ऐकलं, खच्चीवाला रडला म्हणून.

पाय सुटला. मांडीच्या थोटकाला बांधायला कापड हवं होतं. पान्फिलोनं वाळत घातलेल्यांतून एक उकळलेलं कापड आणलं, निळ्या किनारीचं.

"सेव्हेरोचं आहे," म्हातारा म्हणाला. "घे. आमच्यात आपला-परका करत नाहीत."

त्रांकिलिनोनं मान खाली घालून घेतलं.

तो तुटलेला पाय त्यानं उचलला, कणसांच्या झालरीत होता तसाच गुंडाळलेला. दंडाला टाके घालायला डॉक्टर हाका मारत होते, तो थांबला नाही. एका हातानं फावडं ओढत तंबूमागं गेला. निकानोरच्या कबरीच्या उशाला त्यानं खड्डा केला. माती दगडासारखी, हात एकच, रक्त गळतंय, तरी केला. पाय त्यात ठेवला. मग त्याला संताप आवरेना. त्यानं त्या उघड्या क्रुसाला धरून गदागदा हलवलं.

"घे! हा तुझा वाटा. पोट भरलं का? उरलेला दामियानाचा आहे, कळलं? त्याला पुन्हा हात लावशील तर हा क्रूस उपटून चुलीत घालीन, मेलेला म्हणून सोडायचा नाही!" आणि खाली बसला. मग हळू म्हणाला, "चूक माझी होती रे. तुझी नव्हती."

क्रिस्पिनचा ताप उतरायला बरेच दिवस गेले. तोवर वाट मोकळी झाली होती, ट्रक आला होता, आणि जखमींना मागं न्यायची तयारी चालली होती. क्रिस्पिन कुणाशी बोलत नव्हता. त्रांकिलिनो भरवायचा, तो तोंड फिरवायचा. त्याच्या ओठांवर अजून सूज होती, आणि सुटलेल्या दोन दातांच्या जागी भोक होतं.

ट्रक निघायच्या सकाळी क्रिस्पिनला आत निजवल्यावर त्रांकिलिनोनं तेरेरेचं शिंग भरलं आणि त्याच्यापुढं धरलं. क्रिस्पिननं घेतलं नाही.

"पाय कुठाय?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिलाच शब्द.

त्या दुपारी मी उघडलं असतं तर, हे त्रांकिलिनोच्या जिभेवर आलं होतं. बोलून टाकावं असं फार वाटलं. पण समोरचं पोर एका पायावर घरी निघालं होतं आणि त्याला जगायचं होतं. "निकानोरनं घेतला," तो म्हणाला. "मी त्याच्या उशाला ठेवलाय. आईच्या कापडात गुंडाळून."

क्रिस्पिननं तोंड ट्रकच्या फळीकडे वळवलं. त्रांकिलिनोला वाटलं, आता हा शिवी देणार, थुंकणार, आणि त्यानं तयारी ठेवली.

"म्हणजे तंगडी नेली," क्रिस्पिन म्हणाला.

"हं."

"हावरट मेला." आणि त्याचा चेहरा एकदम मोडला. तो दोन्ही हातांनी उरलेल्या पायाची मांडी चाचपत होता, आहे ना आहे ना अशी. "पण दाजी, दुसरी सोडली हो. जन्मात कधी दुसरी सोडली नव्हती त्यानं."

त्रांकिलिनोनं पुन्हा शिंग पुढं केलं. क्रिस्पिननं घेतलं, पहिला घोट ट्रकच्या कडेवरून खाली मातीवर ओतला, आणि मग प्यायला.